फुंकरीनं उतरलेलं पोट

गुरुवार होता. वैरागच्या बाहेर माळावर जे पत्र्याचं शेड आहे, त्याच्यासमोर मोटारसायकली इतक्या लागल्या होत्या की पायी येणाऱ्याला वाट सापडत नव्हती. कर्ण्यावरून आवाज घुमत होता.

"सुई न्हाय, गोळी न्हाय, फाडाफाडी न्हाय. नुसती फुंकर."

मागे उभे असलेले दोघेतिघे लगेच 'नुसती फुंकर' म्हणायचे आणि त्यांच्या मागोमाग सगळी बैठक म्हणायची. शेडमध्ये चौरंगावर फुंकर महाराज बसले होते. पाळण्यातलं नाव धनाजी. काही वर्षं अकलूजकडे कुठल्याशा डॉक्टरांच्या हाताखाली औषधं बांधून द्यायचं काम केलं, मग नोकरी गेली आणि दाढी आली. समोर ताटात विड्याच्या पानांची चवड, मांडीवर काळी घोंगडी, हातात बांबूची वीतभर नळी.

माझी शेजारीण सोनाबाई आपल्या नातवाला घेऊन पुढे बसली होती. मला तिनंच ओढून आणलं होतं. "गुरुजी, आदी डोळ्यानं बगा, मंग बोला," असं तिचं म्हणणं. मी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, तेव्हा 'आधी बघा' या म्हणण्याला नाही कसं म्हणणार?

बाळाचं नाव ऋतुराज. तीन महिने पुरे व्हायचे होते. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र ढोलकीसारखं ताणलेलं. कातडी चकाकत होती आणि तिच्याखाली निळ्या शिरा दिसत होत्या. चार दिवस त्याला शी झाली नव्हती. त्याच्या आईनं, वैजयंतीनं, त्याला महाराजांच्या मांडीवर दिलं. महाराजांनी घोंगडी ओढून घेतली, डावा हात आत घातला आणि उजव्या हातानं नळी बेंबीवर टेकवली.

"आत गाठ हाय," ते कर्ण्यात म्हणाले. "सात पिढ्यांची गाठ. मी हिकडनं धरतो, वरनं फुंकतो."

फुंकर मारली. बाळ कळवळून रडलं. दुसरी मारली. तिसऱ्या फुंकरीला घोंगडीच्या आत मोठा आवाज झाला, असह्य वास सुटला, पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावले. महाराजांनी घोंगडी दूर केली तेव्हा ते ढोलकीसारखं पोट मऊ पडून खाली गेलं होतं. घोंगडीच्या घडीतून त्यांनी केसाळ काळा गोळा काढून सर्वांना दाखवला. लोकांनी हात जोडले.

तो गोळा बकरीच्या केसांचा आणि काजळीचा असणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण पोट? पोट खरंच उतरलं होतं. मी ते हातभर अंतरावरून पाहिलं होतं, आणि ते खोटं आहे असं मला म्हणता येत नव्हतं.

निघताना महाराजांनी नेहमीची ताकीद दिली. लेकराला लोखंड लागू द्यायचं नाही. सुई टोचली तर फुंकर उलटते आणि उलटलेली बाधा आईच्या दुधात उतरते.

परतताना आम्ही अजिंक्यच्या टेम्पोत होतो. अजिंक्य म्हणजे सोनाबाईचा मुलगा, बाळाचा बाप. कांद्याच्या गोण्या सोलापूरच्या मार्केट यार्डात पोचवतो. सोनाबाई विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होती.

"आता बोला की गुरुजी."

मी म्हटलं, पोट उतरलं, हे खरं. पण मागच्या गुरुवारीही उतरलं होतं आणि त्याच्या मागच्याही. मग ते परत का फुगतं? त्यावर अजिंक्यनं महाराजांचंच उत्तर ऐकवलं: ऊस तोडला तरी खोडवा फुटतोच, तसा बाधेलाही खोडवा असतो. शेतकऱ्याला पटावं असं उत्तर होतं. धनाजी मूर्ख नव्हता.

सोनाबाईनं प्रसादाचं पान उलटसुलट करून बघितलं आणि नाक मुरडलं. "समदं बरं हाय, पन ह्या मानसाच्या ताटात कंच्याच पानाला देठ नसतोय बगा. देवाम्होरं बिनदेठाचं पान ठेवतेत व्हय? माज्या घरात असलं पान मी पूजेला घेतलं नसतं."

"आये, आता महाराजाला तू शिकीव," अजिंक्य म्हणाला.

सोनाबाईचं बरोबर होतं. खायचा विडा लावताना आपण देठ खुडतो, पण पूजेला पान देठासकटच ठेवतात. एवढ्या पानांचे देठ गेले कुठे?

हा प्रश्न मी संध्याकाळी माझ्या ओट्यावर जमणाऱ्या पोरांपुढे टाकला. असे प्रश्न मी त्यांना नेहमी घालतो. उत्तर चुकलं तरी चालतं, अट एकच, कारण सांगायचं. एकानं सांगितलं, शेळीनं खाल्ले असतील. शेळीनं पानं सोडून नुसते देठ खाल्ले का, असं दुसऱ्यानं विचारलं. मग आरोही नावाची पाचवीतली मुलगी म्हणाली,

"गुरुजी, माजी आजी देठाला एरंडेल लावती आन् बाळाला शी होत नसली की मागनं घालती. मंग लगेच होती."

'शी' ऐकून पोरं फिदीफिदी हसली. मी हसलो नाही. मला महाराजांचा डावा हात आठवला. सगळे उजव्या हातातल्या नळीकडे बघत होते, आणि डावा शेवटपर्यंत घोंगडीच्या आत होता.

हे सोनाबाईला कसं सांगावं, याचा विचार करत दोन दिवस गेले. शनिवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो तर आत वेगळंच चाललं होतं.

ऋतुराज तापानं फणफणला होता. पोट पुन्हा फुगलं होतं, गुरुवारपेक्षा जास्त. पहाटेपासून हिरवी उलटी होत होती आणि वर पाण्यासारखी, घाण वासाची शी. तिच्यात रक्ताचे धागे होते. वैजयंती त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि अजिंक्य फोन कानाला लावून उभा होता. त्यानं फोनचा आवाज मोठा केला.

"हगवण लागली?" महाराजांचा आवाज आला. "चांगलंच हाय की. बाधा पाझराया लागली. आता गुरुवारी आना, मुळासकट काढतो."

अजिंक्यनं चाचरत दवाखान्याचं विचारलं.

"न्ह्या की. मी कोन अडवनार? लोखंड लागल्यावर आईचं काय झालं तर माज्या दारात येऊ नका, एवडंच."

फोन बंद झाला. मी खाली बसलो आणि सोनाबाईला देठाचं सांगितलं, घोंगडीतल्या हाताचंही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं जे विचारलं, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"गुरुजी, मी पाच लेकरं वाडीवली. समद्यांना देठ लावलाय. शी व्हायची, पन असं भडाड करून पोट उतरताना मी कुटं बगितलं न्हाय. नुसत्या देठानं हे व्हतंय, असं तुमी मला सांगू नका."

प्रश्न बिनतोड होता. तसं मी तिला सांगितलं. मग म्हणालो, "पण सोनाबाई, तुमच्या पाच लेकरांना जे झालं नाही ते ह्याला होतंय. देठ तोच आहे. म्हणजे फरक ह्याच्या पोटात आहे. तो काय आहे, हे मला माहीत नाही आणि धनाजीलाही माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याच्याकडे आत्ता जायला पाहिजे."

"आन् लोखंड लागून ह्या पोरीला काय झालं तर?" तिनं सुनेकडे बोट केलं. तिची भीती खरी होती. नातू आणि सून यांतलं एक जाणार, असंच तिच्या मनानं घेतलं होतं.

वैजयंती उठली. तिनं बाळाला टॉवेलात गुंडाळलं.

"आत्या, बाधा माज्या दुधात उतरू दे. पिनारा ऱ्हायला न्हाय, तर त्या दुधाचं काय करू मी?"

ती टेम्पोत जाऊन बसली. अजिंक्यनं किल्ली शोधली. सोनाबाई क्षणभर उंबऱ्यात थांबली आणि मग चप्पल न घालताच मागून आली.

वैराग ते सोलापूर हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा केला असेल, पण इतका लांब तो कधी वाटला नव्हता. गाळपाचे दिवस. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, आणि अजिंक्यचा हात हॉर्नवरून निघत नव्हता. वाटेतल्या वडाळ्यापर्यंत बाळ रडत होतं. त्यानंतर ते रडायचं थांबलं. रडत होतं तोवर बरं होतं, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. वैजयंती सारखी त्याच्या ओठांना बोट लावून बघायची. ओठ कोरडे पडले होते. डोळे खोल गेले होते. सोलापूरच्या तोंडाशी बाळे गावात गाड्यांच्या रांगेत अडकलो तेव्हा सोनाबाई खिडकीतून हात काढून पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला हात जोडत होती.

लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. रुक्साना यांच्याकडे आम्ही पोचलो. त्यांनी बाळाकडे एकदाच पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली. सलाईनची सुई इवल्याशा हातात जाताना सोनाबाईनं डोळे मिटून घेतले आणि सुनेचा दंड घट्ट धरला. सुनेला काही झालं नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, पण दंड सोडला नाही.

डॉक्टरबाई हातानं काम करता करता विचारत होत्या. उलटी कधीपासून, रंग कुठला, पोट पहिल्यांदा कधी फुगलं. मग त्यांनी विचारलं, "जन्मल्यानंतर पहिली काळी शी कधी झाली?"

वैजयंतीला आठवेना. सोनाबाई म्हणाली, "पाचवीला."

"पाचव्या दिवशी? नक्की?"

"सटवाईची पूजा मी मांडली, मला ठावं नसंल व्हय? पाट मांडला, निवद दावला आन् तवाच पोरानं काळी शी केली. मी म्हनलं, सटवाईनं मोकळं केलं."

"पण बाळंतपण झालं तिथून घरी सोडताना कोणी विचारलं नाही?"

सोनाबाईनं मान खाली घातली. "इचारलं हुतं. मी 'झाली की' म्हनून सांगितलं. लवकर घरी न्ह्यायचं हुतं."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की, दिवस भरून जन्मलेल्या बाळाला ती काळी शी बहुधा पहिल्याच दिवशी होते, फार तर दुसऱ्या. पाचवा दिवस उजाडतो तेव्हा आतडं स्वतः ओरडून सांगत असतं की काहीतरी बिघडलंय. मग त्यांनी हातमोजा चढवला, करंगळीला वंगण लावलं आणि बाळाला तपासलं.

बोट बाहेर काढताच तोच मोठा आवाज झाला. तोच वास. आणि आमच्या डोळ्यांदेखत पोट मऊ होऊन खाली गेलं.

सोनाबाई पुढे झाली, पोटाकडे बघितलं, डॉक्टरबाईंच्या हाताकडे बघितलं.

"बाई, तुमी कंचा मंतर म्हनलात?"

"काही नाही म्हटलं आजी. हातमोजा घातला."

मग मी त्यांना फुंकर महाराजांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आतड्याच्या भिंतीत बारीक चेतापेशी असतात. आतडं कुठं आवळायचं, कुठं सैल सोडायचं, हे त्या ठरवतात, म्हणून आतला मळ पुढे सरकतो. हजारो बाळांत एखादं असं जन्मतं की त्याच्या आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात या पेशी पोचलेल्याच नसतात. तो तुकडा कायम आवळलेला राहतो. त्याच्या वर मळ आणि वायू साठत जातात, पोट फुगतं. खालून बोट किंवा देठ घातला की आवळलेली वाट क्षणभर उघडते आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं.

"निरोगी बाळाला देठ लावला तर नुसती शी होते," त्या सोनाबाईला म्हणाल्या. "असं भडाड करून मोकळं होणं ही ह्या रोगाची खूण आहे. तुमच्या महाराजांनी दर गुरुवारी रोग दाखवला आणि तुम्ही त्याला उपाय समजलात."

त्या पुढे म्हणाल्या की, आता साठलेल्या मळामुळे आतड्याला जंतूंनी घेरलं आहे आणि ते विष रक्तात जाऊ लागलं आहे. बाळ वाचेल का, हे त्या आत्ता सांगू शकत नाहीत. गुरुवारपर्यंत थांबला असतात, तर सांगायची गरज पडली नसती.

पुढचे दिवस कसे गेले, ते त्या तिघांनाच माहीत. मी अधूनमधून जाऊन येत होतो. शिरेतून औषधं चालू होती आणि मऊ नळीनं कोमट सलाईन आत सोडून आतडं पुन्हा पुन्हा धुतलं जात होतं. दोनदा ताप उतरून परत चढला. एकदा डॉक्टरबाई अजिंक्यला बाहेर बोलावून बराच वेळ बोलल्या आणि तो जिन्यात बसून राहिला. सोनाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून असायची. मला बघून ती 'या गुरुजी' म्हणायची आणि सरकून जागा करायची.

मग एके सकाळी मी गेलो तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. चांगलं खणखणीत, भुकेलं रडणं. वैजयंती त्याला पाजायला घेत होती.

आतड्याचा बारीकसा नमुना तपासून निदान पक्कं झालं. काही आठवडे घरी राहून वजन वाढल्यावर डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रिया केली: पेशी नसलेला तुकडा काढला आणि वरचं निरोगी आतडं खाली आणून जोडलं. ऋतुराज आता मांडीवर बसतो आणि अजून काही वर्षं तरी त्याला तपासणीला न्यावं लागेल.

माळावरचे गुरुवार मात्र चालूच होते. म्हणून एका गुरुवारी मी माझी पोरं आणि चार-सहा घमेली घेऊन तिथं गेलो. सोनाबाई आणि वैजयंतीही आल्या. शेडसमोरच पोरांना रांगेत उभं केलं. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे जातात, हे गावात कोणी पाहिलेलं नाही? पोरं घमेली पुढे देऊ लागली. शेवटच्या तिघांना मी हाताची घडी घालून उभं राहायला सांगितलं होतं. त्यांच्या अलीकडे उभ्या असलेल्या आरोहीच्या पायाशी घमेल्यांचा ढीग झाला.

लोक गंमत बघायला वळले. मी ढिगातली घमेली उचलून पलीकडे फेकली आणि विचारलं, "काम झालं का?"

"कुटं झालं? तिगं नुसतं हुबं हाईत की," एक म्हातारा म्हणाला.

"मग उद्या काय होईल?"

"परत ढीग हुईल."

ते तिघे म्हणजे ऋतुराजच्या आतड्यातला पेशी नसलेला तुकडा, असं मी सांगितलं. देठाचं आणि घोंगडीचंही सांगितलं. महाराज आतून ऐकत होते. ते बाहेर आले आणि त्यांनी घाबरल्याचं अजिबात दाखवलं नाही.

"मास्तर, पोरं खेळवा," ते म्हणाले. मग सोनाबाईकडे वळले. "मावशे, तू खरं बोलनारी बाई. सांग ह्यास्नी, माज्या फुंकरीनं पोट उतरलं का न्हाय?"

"उतरलं," सोनाबाई म्हणाली.

बैठकीत कुजबुज झाली. महाराज हसले.

"दर खेपेला उतरलं," ती पुढे म्हणाली. "म्हनून तर मी त्येला दवाखान्यात न्हेलं न्हाय. न्हाय उतरलं असतं तर दुसऱ्याच दिवशी न्हेलं असतं."

सोनाबाई थेट महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"आता माज्यासमूर कर. घोंगडी बाजूला ठेव, दोनी हात वर कर आन् फुंक. पोट उतरलं तर मी परत तुज्या पाया पडते."

महाराज म्हणाले, घोंगडीशिवाय मंत्र चालत नाही. मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं की मग मंत्र घोंगडीचा आहे, फुंकरीचा नाही. काही लोक हसले, काही माझ्यावर चिडले आणि काही तसेच बसून राहिले. चमत्कार असा एका सकाळी मरत नाही. पण रांगेतली एक तरुण बाई बाळाला खांद्यावर टाकून उठली आणि वैजयंतीजवळ येऊन हळूच विचारू लागली, सोलापुरात कुठं जायचं. त्या दोघी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या.

पुढे जादूटोणाविरोधी कायद्याखाली धनाजीवर तक्रार झाली. त्याचं व्हायचं ते होईल. मला सांगायचंय ते तुम्हाला, आणि त्यातही मुलांना.

चमत्कार दाखवणारा तुम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारू देतो: झालं की नाही? आणि बऱ्याचदा त्याचं उत्तर 'झालं' असंच असतं, म्हणून आपण फसतो. तुम्ही पुढचे प्रश्न विचारा. कसं झालं? सगळ्यांसमोर, हात उघडे ठेवून करून दाखवता येतं का? आणि ते परत परत का करावं लागतं? हे विचारल्यानं देव रागावत नाही, थोरामोठ्यांचा अपमान होत नाही. बाळाला हिरवी उलटी झाली, पोट ताणलं, शी अडली, तर वाट कुणाचीही बघू नका, थेट डॉक्टरांकडे जा. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीनं प्रश्न आपणच विचारायचे असतात.